ओटीपी द्यायचा नाही हे बरोबर, पण मग मावशींनी करायचं काय?

काल रात्री ठाण्यात तलावपाळीला नेहमीच्या कट्ट्यावर बसलो होतो, चहा झालेला, आणि विषय निघाला किसननगरच्या मावशींचा. मावशी चार घरी पोळीभाजी करतात. गेल्या आठवड्यात त्यांना फोन आला, केवायसी करा नाहीतर खातं बंद होईल, हातात पीठ, घाईत त्यांनी आलेला ओटीपी सांगून टाकला आणि १८ हजार गेले. विन्या बँकेत आहे, तो लगेच म्हणाला, "अरे किती वेळा सांगायचं लोकांना, ओटीपी कुणालाच द्यायचा नाही, मेसेजमध्येसुद्धा लिहिलेलं असतं."

"कुठल्या भाषेत?" मास्तरने विचारलं.

विन्या गप्प. इंग्लिशमध्ये असतं हे त्यालाही माहीत होतं.

मास्तर महापालिकेच्या शाळेत शिकवतो, तो एरवी फार बोलत नाही पण काल सुटलाच. म्हणे, "२०२१ चा मे महिना आठव. १८ ते ४४ वाल्यांचं कोविडचं लसीकरण १ तारखेला चालू झालं आणि आधी कोविनवर, म्हणजे लसीच्या नोंदणीच्या सरकारी पोर्टलवर, नाव घातल्याशिवाय केंद्रावर उभं करत नव्हते. पोर्टल इंग्लिशमध्ये. मावशी तेव्हा चाळिशीच्या. चाळीतला एक इंजिनीअरिंगचा पोरगा अख्ख्या चाळीची नावं घालायचा, एका मोबाईल नंबरावर चार माणसं, स्लॉट उघडला की दोन मिनिटांत संपायचा. मावशी कामावर, ओटीपी त्यांच्या फोनवर, मग तो फोन करायचा, मावशी पटकन आकडा सांगा, आणि मावशी सांगायच्या. सांगितला म्हणून लस मिळाली. भला माणूस फोन करून आकडा विचारतो आणि आपण सांगितला की आपलं काम होतं, हे त्यांना आपणच शिकवलं ना?"

मला हे एकदम पटलं. आपण सुरक्षितता एका बाजूला ठेवतो आणि ज्यांना हे सगळं जमत नाही त्यांची अडचण दुसऱ्या बाजूला, पण ज्याला स्वतःच्या हाताने करता येत नाही तो कुणाच्या तरी हातात फोन देणारच आणि फोन दिला की पिन पण दिला. मी विन्याला हेच म्हटलं.

विन्याचंही ऐकण्यासारखं होतं, तो काही दगड नाहीये. तो म्हणाला, "डोस कमी आणि माणसं एवढी, नोंदणी नसती तर केंद्रावर चेंगराचेंगरी झाली असती. आणि लॉकडाऊनमध्ये मी शाखेत काय काय बघितलंय तुला माहितीये का, हप्ते पुढे ढकलायची सवलत आली तर लगेच भामट्यांचे फोन, तुमचा ईएमआय थांबवतो, ओटीपी द्या. माणसं काउंटरवर रडायची रे. मग मी नियम सांगू नको तर काय करू? पैसे घ्यायला पिन लागत नाही, पिन मागितला की समजायचं पैसे जाणारेत, एवढं एक वाक्य जरी पोचलं तरी खूप."

मास्तर म्हणाला, चेंगराचेंगरीचं मान्य, पण ३१ मेच्या आदेशात सुप्रीम कोर्टाने पण हेच विचारलं ना, ज्यांच्याकडे इंटरनेट नाही त्यांनी काय करायचं, आणि पुढे जूनमध्ये पोर्टल मराठीतही आलं, थेट केंद्रावर जाऊन लस घ्यायची सोय २१ जूनपासून सगळ्यांना झाली. म्हणजे करता येत होतंच. तोवर आपल्या ओळखीतलेच काही जण स्लॉट दिसला म्हणून गाड्या काढून शहापूरला लस घेऊन आले होते आणि तिथली माणसं बघत राहिली. यावर कुणी काही बोललं नाही, कारण त्यातला एक जण मी होतो.

बाळ्याचं मोबाईल रिपेअरचं दुकान आहे. तो म्हणाला ऑनलाइन शाळा चालू झाली तेव्हा आईबाप सेकंडहँड फोन मागायला रांगेने यायचे, त्यानेच विकले, अपडेट कधीच बंद झालेले जुने अँड्रॉइड. एकच फोन, त्यात पोराचा क्लास, बापाचं यूपीआय, आईचा व्हॉट्सअ‍ॅप. अजून काही जण रिपेअरला देताना फोनच्या मागे पिनची चिठ्ठी चिकटवून देतात. मास्तरला त्यावरून शाळेच्या धड्यांची टिलीमिली मालिका आठवली, २०२० च्या जुलैत सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीसाठी चालू झालेली, तिला ना डेटा ना ओटीपी, टीव्ही लावला की झालं, त्याच्या वर्गातली जी पोरं ऑनलाइन क्लासला गूगल मीटवर कधी दिसली नाहीत ती ते बघत होती.

इतका वेळ सदा ऐकत होता. सदाला दिसत नाही, तो एका ऑफिसात टेलिफोन ऑपरेटर आहे. तो म्हणाला, "लसीचा स्लॉट बुक करायला कॅप्चा, म्हणजे चित्रातली वेडीवाकडी अक्षरं वाचून टाकावी लागायची. माझा फोन नुसता 'इमेज' म्हणायचा. शेजारच्याला बोलवून तो वाचेपर्यंत स्लॉट गेलेला. आणि ओटीपी द्यायचा नाही म्हणतोस ना विन्या, दे तुझा फोन."

विन्याच्या फोनवर त्याने टॉकबॅक, म्हणजे स्क्रीनवरचं मोठ्याने वाचून दाखवणारी सोय, चालू करून दिली. विन्याने डोळे मिटले. एक टॅप केला की वाचतं, दोन टॅप केले की उघडतं, एवढं सांगूनही त्याला मेसेज उघडता येईना, बोट भलतीकडेच जायचं. तेवढ्यात त्याच्या बायकोने घरून काहीतरी ऑर्डर केलं असणार, कारण फोन मोठ्याने बोलायला लागला, आकडे एकेक करून, चार... सात... सात... आणि पलीकडच्या कट्ट्यावरच्या दोघांनी मान वळवून बघितलं.

"लोकलमध्ये माझं रोज हे होतं," सदा म्हणाला. "म्हणून एका कानात कायम इयरफोन. तो एखाद दिवशी घरी राहिला की सगळ्या डब्याला माझा ओटीपी कळतो."

विन्याने टॉकबॅक बंद करायचा प्रयत्न केला, जमेना, शेवटी सदानेच दोन्ही व्हॉल्यूम बटणं दाबून धरून बंद केला. मग विन्याने मावशींचा नंबर मागितला. पैसे गेल्यावर त्यांनी १९३० ला, म्हणजे ऑनलाइन फसवणुकीची तक्रार करायच्या सरकारी नंबरला, फोन केलाय का तेही कुणी विचारलं नव्हतं. मी विचारलं, तर नाही केलेला. त्यांना वाटत होतं त्या फोनवर पण इंग्लिशमध्येच बोलतील.