थेंबे थेंबे कॉफी साचे

व्हिएतनामी कॉफीच्या यंत्राला फिन म्हणतात. यंत्र कसलं, कपावर बसणारी स्टीलची डबी! तळाला भोकं, आत पुडीवर बसवायची भोकांचीच चकती, वर झाकण. वीज नाही, बटण नाही, गाळायचा कागदही नाही. त्यात बिघडण्यासारखं काहीच नसल्यामुळे जे काही बिघडेल त्याचं खापर थेट माझ्यावर फुटतं.

सगळा खेळ चकतीचा. ती सैल राहिली तर पाणी भसकन खाली येतं आणि कपात नुसतं तांबूस पाणी. जास्त आवळली तर थेंबही पडत नाही, आणि तोवर डबी इतकी तापलेली असते की चिमट्याशिवाय हात लावायची सोय नाही. वीसेक ग्रॅम पूड, तिच्यावर आधी चमचाभर उकळतं पाणी, ती फुगली की उरलेलं. मग चार-पाच मिनिटं नुसतं बघत बसायचं. आमच्या घरात हेच कुणाला जमत नाही.

"चोंदलंय ते," सासरे म्हणाले आणि माळ्यावरून स्टोव्हची पिन घेऊन आले. घरातला स्टोव्ह भंगारात जाऊन जमाना झाला, पिन मात्र शाबूत!

खाली डब्यातलं गोड घट्ट दूध हवं. फ्रेंचांनी तिकडे कॉफी नेली, पण ताज्या दुधाचा पत्ता नव्हता, म्हणून हे डब्यातलं आलं. शिवाय रोबस्टा जातीची कॉफी पिकवण्यात व्हिएतनामचा जगात पहिला नंबर, आणि रोबस्टा ही अशी कडू की या दुधाशिवाय घशाखाली उतरणं कठीण. आमचा डबा उघडल्या दिवसापासून चिरंजीव फ्रिजच्या दाराआडून चमच्याने संपवत आणतात, ते वेगळंच.

एकदा मी अंड्याच्या कॉफीचा विषय काढला. 1946 साली हनोईत दुधाची टंचाई होती, तेव्हा मेट्रोपोल हॉटेलात काम करणाऱ्या न्विएन वान जांग यांनी दुधाऐवजी अंड्याचा बलक फेटून कॉफीवर घातला. जांग यांच्या नावाचा कॅफे तिथे आजही चालतो. आमच्याकडे अंड्याचं पातेलं वेगळं, उलथनं वेगळं, दोन्हींचा मुक्काम गॅलरीत. बलक फेटायला मी जे रवीसारखं यंत्र उचललं ते नेमकं श्रीखंडाचं निघालं.

"ठेव ते खाली," सासूबाई म्हणाल्या. "त्यांच्याकडे दूध नव्हतं म्हणून त्यांनी अंडं घातलं. आपल्याकडे सकाळचं लिटरभर तसंच आहे."

दूध तापलं, साखर पडली, जायफळ किसलं गेलं, आणि फिनमधून तोवर गळलेला जेमतेम अर्धा कप काळा अर्क त्यात गडप झाला. सासऱ्यांनी बशीत ओतून फुर्रकन प्यायली, वर आणखी मागितली. सासूबाईंनी रिकामी फिन उजेडाकडे धरून आतबाहेर न्याहाळली.

"गळतंय छान," त्या म्हणाल्या, "पण चक्का टांगायला फारच लहान गं!"