फील्ड मार्शलवरचा तो व्हायरल मेसेज आणि खरी गोष्ट

सॅम माणेकशॉंच्या फोटोसकट एक मेसेज सगळीकडे फिरतोय. त्यात म्हटलंय की ते भारताचे एकमेव फील्ड मार्शल, हा हुद्दा त्यांना रिटायर झाल्यावर दिला, फील्ड मार्शल हा आर्मी चीफच्याही वरचा बॉस असतो तरी त्यांना कमांड दिली नाही, आणि मरेपर्यंत एक पैसा मिळाला नाही. माणेकशॉंबद्दल मला प्रचंड आदर आहे आणि म्हणूनच त्यांच्या नावावर असलं काहीतरी खपवलेलं बघवत नाही.

एकमेव हे तर साफ चूक. करिअप्पांना विसरलात का? १५ जानेवारी १९४९ ला ब्रिटिश जनरल बुचर यांच्याकडून सूत्रं घेणारे पहिले भारतीय कमांडर-इन-चीफ तेच, आर्मी डे आपण त्याच तारखेला साजरा करतो. ते १९५३ मध्ये रिटायर झाले आणि फील्ड मार्शल झाले थेट १९८६ मध्ये, म्हणजे तब्बल ३३ वर्षांनी, वयाची पंच्याऐंशी ओलांडल्यावर. त्यामुळे "रिटायर झाल्यावर दिला" हे करिअप्पांना लागू पडतं, सॅमना नाही. सॅमना हा हुद्दा १ जानेवारी १९७३ ला मिळाला तेव्हा ते चीफच होते, दोन दिवसांनी राष्ट्रपती गिरींनी राष्ट्रपती भवनात त्यांच्या हातात बॅटन (या हुद्द्याची मानाची छडी) दिला आणि चीफचं पद त्यांनी सोडलं १५ जानेवारीला. एअर फोर्समधला तोडीचा हुद्दा अर्जन सिंगना २००२ मध्ये मिळाला, तो वेगळा.

आता कमांडचं. फील्ड मार्शल हा पाच स्टारचा मानाचा हुद्दा आहे, पोस्ट नाही. खांद्यावर अशोकस्तंभ, खाली कमळांच्या वेढ्यात बॅटन आणि तलवार एकमेकांवर आडवी, हे चिन्ह आयुष्यभर राहतं कारण फील्ड मार्शल कधी रिटायरच होत नाही, पण फौज चालवतो तो चार स्टारचा चीफ. १९७३ ला सॅमनंतर जनरल बेवूर आले. १९८६ मध्ये तर सॅम आणि करिअप्पा असे दोन फील्ड मार्शल हयात होते आणि आर्मी चालवत होते जनरल सुंदरजी, त्यात कुणाचा अपमान नव्हता, सिस्टीमच तशी आहे.

पैशांच्या बाबतीत मात्र मेसेजमागची चीड मला पटते. फील्ड मार्शल म्हणून जे पूर्ण वेतन मिळायला हवं होतं ते त्यांना तीस वर्षांहून जास्त काळ मिळालं नाही. पण "एक पैसा नाही" हे खोटं आहे. २००७ मध्ये राष्ट्रपती कलाम तमिळनाडूतल्या वेलिंग्टनला त्यांना भेटून आले, त्यानंतर थकबाकी मंजूर झाली आणि एक कोटीहून जास्त रकमेचा चेक संरक्षण सचिवांनी स्वतः नेऊन दिला. तोवर सॅम नव्वदी पार केलेले आणि आजारी होते, पुढच्याच वर्षी २७ जून २००८ ला ते गेले. एवढा उशीर का केला हे सरकारांना जरूर विचारा, त्यासाठी खोटं जोडायची काही गरज नाही.