मेलेल्या गाडीचा कर भरत राहण्याची रीत

ब्रिटनमध्ये राहणाऱ्या आणि घरासमोरच्या ड्राइव्हवेवर एखादी मरणासन्न गाडी बाळगणाऱ्या वाचकांना आमची पहिली विनंती अशी की, त्यांनी घाई करू नये. एमओटीत, म्हणजे गाडी रस्त्यावर चालण्याजोगी आहे का ते पाहणाऱ्या तपासणीत, नापास झालेली, खिडक्यांच्या रबरावर हिरवे शेवाळ आणि पुढच्या बसक्या चाकाभोवती गेल्या शरदातली पाने जमवून बसलेली ती गाडी आता हलणार नाही, हे आपल्याला ठाऊक आहे, शेजाऱ्याला ठाऊक आहे आणि तिच्या टपावर ऊन खाणाऱ्या त्याच्या मांजरालाही ठाऊक आहे. ठाऊक नाही ते फक्त स्वान्सीला. तिथे असलेल्या डीव्हीएलएच्या, म्हणजे वाहनांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी कार्यालयाच्या, लेखी गाडी म्हणजे तिची नोंद, आणि नोंद धडधाकट असेपर्यंत गाडीही धडधाकट. अशा वेळी दुःखद वार्ता कळवून त्या कार्यालयाचा हिरमोड करण्यापेक्षा वाहनकराचा डायरेक्ट डेबिट, म्हणजे बँकेतून आपोआप जाणारा हप्ता, मुकाट्याने चालू ठेवणे अधिक सभ्यपणाचे आहे. मासिक हप्त्यांवर ५ टक्के जादा आकारले जातात, ही तर आपल्या चांगुलपणाची पोचपावतीच समजावी.

काही अतिशहाणी मंडळी आपल्याला ‘सॉर्न’ करण्याचा सल्ला देतील. गाडी सार्वजनिक रस्त्यावर नाही, खासगी जागेत उभी आहे, एवढेच सरकारला कळवायचे; मग तिला कर लागत नाही, विमा लागत नाही आणि या कळवण्याचे पैसेही पडत नाहीत. इतक्या सोप्या गोष्टीवर कोणी विश्वास ठेवावा? १९९८ साली ही पद्धत सुरू झाली तेव्हा निदान दरवर्षी नव्याने कळवावे लागे, त्यामुळे विसरण्याची हक्काची संधी वर्षातून एकदा चालून येई. डिसेंबर २०१३ पासून एकदा दिलेली सूचना गाडी पुन्हा कर भरून रस्त्यावर आणेपर्यंत, विकेपर्यंत किंवा मोडीत काढेपर्यंत टिकते, आणि विसरभोळ्यांची मोठी सोय गेली. तरीही निराश होऊ नये. लॉगबुकावरचा, म्हणजे गाडीच्या नोंदणीपुस्तिकेवरचा, ११ अंकी क्रमांक टाकला तर सॉर्न तत्काळ लागू होतो, तर कर संपत आल्याच्या स्मरणपत्रावरचा १६ अंकी क्रमांक टाकला तर पुढच्या महिन्याच्या १ तारखेपासून. आपण अर्थातच लॉगबुक कपाटात बंद ठेवून हाताशी आलेले स्मरणपत्रच वापरावे. महिन्याची सुरुवात असेल तर फारच छान.

ज्यांना याहून स्वाभिमानी मार्ग हवा असेल, त्यांनी कर संपू द्यावा आणि कोणालाही काही कळवू नये. ‘गाडी रस्त्यावर जातच नाही, तर रोड टॅक्स कसला?’ हा युक्तिवाद आपल्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या बिनतोड मानला गेला असेल. रस्त्यांसाठी राखून ठेवलेला कर ही कल्पना या देशात १९३७ सालीच निकालात निघाली आणि आता आकारला जातो तो वाहनावरचा कर, असल्या क्षुल्लक इतिहासाने आपण विचलित होऊ नये. ८० पौंडांच्या दंडाचे पत्र आपोआप येईल. लवकर भरल्यास तो निम्मा होतो, म्हणून तो उशिरानेच भरावा. त्याच तिरमिरीत विमाही बंद केला असेल तर २०११ पासूनच्या नियमाने आणखी १०० पौंडांची सोय होते, कारण सॉर्न न केलेली गाडी चालो वा न चालो, तिचा विमा असलाच पाहिजे.

सॉर्न केलेच असेल, तर गाडी दारासमोरच्या रस्त्याच्या कडेला लावून ठेवावी. आपल्याच दारासमोरचा रस्ता आपलाच, हे न्यायालयात समजावून सांगण्याची संधी त्यामुळे मिळू शकते. दंडाची कमाल मर्यादा २५०० पौंड आहे, तेव्हा बोलण्याची तयारी नीट करून जावे. सॉर्न असलेली गाडी रस्त्यावरून चालवण्याची मुभा आधी वेळ ठरवलेल्या एमओटीसारख्या तपासणीपुरतीच असते. मोडीत निघायला निघालेली गाडी स्वतःच्या चाकांवर भंगार केंद्रापर्यंत जाऊ शकत नाही, तिला दुसऱ्या गाडीच्या पाठीवर बसून जावे लागते; आपल्याकडे अंत्ययात्रेत जे घडते त्याहून हे फारसे वेगळे नाही.

आता प्रत्यक्ष मोडीत काढण्याकडे वळू. नियमाप्रमाणे गाडी एटीएफमध्ये, म्हणजे परवानाधारक भंगार केंद्रातच जायला हवी. आपण मात्र गाडी न्यायला आलेल्या त्या गृहस्थाला निवडावे, जो परवान्याचे नाव काढताच आभाळाकडे पाहतो आणि खिशातून नोटा काढतो. इंग्लंड आणि वेल्समध्ये भंगाराचे पैसे रोख देण्यास कायद्याने बंदी आहे. चेक द्यावा लागतो किंवा बँकेत भरावे लागतात. पण नोटांना जो स्पर्श असतो तो बँकेच्या संदेशाला कुठला? तो गृहस्थ ग्रीसने माखलेल्या अंगठ्याने लॉगबुकाची पाने उलटेल आणि विचारेल, ‘हे सगळंच नेऊ ना?’ त्या पानांत एक पिवळा भाग असतो, वाहन व्यापाऱ्याला गाडी दिल्याचा. तो फाडून आपल्याजवळ ठेवायचा आणि गाडी कोणाला, कधी दिली ते डीव्हीएलएला स्वतः कळवायचे, असा नियम आहे. आपण दिलदारपणे ‘न्या, न्या’ म्हणावे. न कळवल्याबद्दल १००० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो आणि नोंदीत आपलेच नाव राहिल्याने ती गाडी पुढे कुठे अवतरली तर पहिले पत्र आपल्याच दारात पडते. परवानाधारक केंद्राने दिलेले विनाशाचे प्रमाणपत्र, म्हणजे गाडीचा मृत्यूचा दाखला, आपल्या या मित्राकडून मिळण्याची भीती नाही. गाडीला हौसेचा नंबर असेल, तर तो आधी अर्ज करून राखून ठेवता येतो, हे आपल्याला गाडीचा चुरा झाल्यावर आठवावे.

विम्याबद्दल थोडक्यात इतकेच: डीव्हीएलए विमा कंपनीला काही कळवत नाही. तेव्हा आपणही कळवू नये.

परताव्याचे कौतुक मात्र सविस्तर करायला हवे. डीव्हीएलएला कळवल्यावर उरलेल्या कराचे पैसे लॉगबुकावरच्या नावाने आणि पत्त्यावर परत येतात, पण फक्त पूर्ण उरलेल्या महिन्यांचे, आणि मोजणी सुरू होते ती गाडी गेली त्या दिवसापासून नव्हे, तर त्यांना कळले त्या दिवसापासून. गाडी ३० तारखेला गेली असेल, तर चहा घेत बसून १ तारीख उजाडू द्यावी आणि मगच कळवावे. अख्खा महिना सरकारजमा होतो. मासिक हप्त्यांवरचे ते ५ टक्के तर परत येतच नाहीत. १ ऑक्टोबर २०१४ पर्यंत काचेवर कराची गोल चकती असे आणि उरलेला कर गाडीबरोबर नव्या मालकाला जाई. आता तो जात नाही. म्हणून रिकाम्या ड्राइव्हवेवर आणलेल्या दुसऱ्या गाडीचा कर महिन्याच्या शेवटच्या दिवशी भरावा. तो १ तारखेपासून धरला जाईल, जुन्या गाडीचा तोच महिना आपण भरलेलाच असेल, आणि एका जागेत उभ्या राहणाऱ्या एका गाडीसाठी दोन गाड्यांचा कर देऊन आपण निवांत झोपू शकाल. स्वान्सीतही कोणाची झोप मोडणार नाही.