कोचिंगवर ७८८ टक्के रिटर्न? जरा हिशेब बघू

ट्रेनिंगचं बजेट ठरायची वेळ आली की लिंक्डइनवर आणि एचआरवाल्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर एक मेसेज न चुकता फिरायला लागतो. थोडक्यात असा: कंपनीच्या सीईओला, डायरेक्टरला, प्लांट हेडला एक्झिक्युटिव्ह कोच (साहेबांशी एकट्याने ठरावीक सेशनमध्ये बोलून त्यांची कामाची पद्धत सुधारायला मदत करणारा) लावा, ७८८ टक्के आरओआय, म्हणजे खर्चावरचा परतावा, मिळतो हे सिद्ध झालंय. नुसत्या ट्रेनिंगने कामगिरी २२ टक्के वाढते, कोचिंग जोडलं की ८८ टक्के. सचिनलाही कोच होता, बिल गेट्स आणि गूगलचा माजी सीईओ एरिक श्मिट पण कोच हवाच म्हणतात. लीडर बदलला की नफा आपोआप बदलतो. फक्त कोच सर्टिफाइड घ्या.

मी एचआरमध्येच आहे, कोचिंगची बिलं माझ्याच टेबलावरून पास होतात, आणि कोचिंग फालतू असतं असं मला अजिबात म्हणायचं नाहीये. पण या मेसेजमधलं एकेक वाक्य उघडून बघितलं की आत भलतंच निघतं.

"७८८ टक्के, सिद्ध झालंय"

हा आकडा २००१ चा. मेट्रिक्सग्लोबल नावाच्या अमेरिकन फर्मने एका मोठ्या कंपनीतल्या चाळीसेक लोकांच्या कोचिंग प्रोग्रॅमचा हिशेब मांडला, तो आला ५२९ टक्के, मग माणसं नोकरी सोडून गेली नाहीत त्याचे वाचलेले पैसे त्यात घातले आणि झाले ७८८. म्हणजे एक कंपनी, एक प्रोग्रॅम, तोही पाव शतकापूर्वीचा, आणि आपण तो नाशिकच्या किंवा चाकणच्या कंपनीला लावतोय.

त्यापेक्षा मजेशीर आहे ते हा हिशेब करतात कसा. कोचिंग घेतलेल्या साहेबांनाच विचारायचं की तुमच्यात जो बदल झाला त्याने कंपनीचा किती फायदा झाला? समजा ते म्हणाले ५० लाख. त्यातला कोचिंगमुळे किती? निम्मा. किती खात्री आहे? ८० टक्के. झालं, ५० लाखाचे निम्मे २५, त्याचे ८० टक्के म्हणजे २० लाख. कोचची फी ३ लाख धरा, ती वजा करून ३ नेच भागा, ५६७ टक्के आरओआय तयार! (हे आकडे माझे, पद्धत त्यांची.) तीन अंदाजांचा गुणाकार आहे हा. खात्रीच्या टक्क्याने गुणलं म्हणून याला काटेकोर हिशेब म्हणतात, पण मुळातला ५० लाखच हवेतला असेल तर त्याला कशानेही गुणा, हवाच राहणार. अकाउंट्सवाल्यांना हे २० लाख कुठल्या खात्यात आलेत विचारून बघा एकदा.

आणि विचारतोय कुणाला, तर ज्याच्यावर कंपनीने लाखो रुपये खर्च केलेत त्यालाच. तो कशाला म्हणेल की काही झालं नाही?

त्याच वर्षीचा मँचेस्टर नावाच्या फर्मचा अभ्यास पण असाच फिरतो, १०० एक्झिक्युटिव्ह, खर्चाच्या ५.७ पट परतावा. मँचेस्टर स्वतः कोचिंग विकायची. २००९ च्या एका अहवालातलं "८६ टक्के कंपन्यांचे पैसे वसूल झाले" हे वाक्यही तुम्ही वाचलं असेल, तो करवून घेतला होता इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशनने, म्हणजे कोच लोकांच्याच संघटनेने. बॅट आपली, बॉल आपला आणि अंपायरपण घरचाच.

अजून एक गोष्ट यात कुणी बोलत नाही. कोच कुणाला लावतात? ज्याचं नुकतंच प्रमोशन झालंय त्याला किंवा ज्याचं काहीतरी बिनसलंय त्याला. नव्या खुर्चीत पहिले काही महिने सगळेच चाचपडतात आणि वर्षभरात बरेचसे आपोआप सावरतात, कोच असो नसो. कोच न लावलेल्या तशाच माणसांशी तुलना केल्याशिवाय श्रेय कुणाचं हे कळणार कसं? वरच्या तिन्ही आकड्यांत ती तुलनाच नाहीये.

"ट्रेनिंगने २२, कोचिंगने ८८"

हा अभ्यास खरा आहे, १९९७ चा, एका जर्नलमध्ये छापून आलेला. पण माणसं किती, तर ३१ मॅनेजर, ते पण खाजगी कंपनीतले नाहीत, अमेरिकेतल्या एका सरकारी एजन्सीतले. आधी ट्रेनिंग, मग त्याच लोकांना आठ आठवडे कोचिंग. आणि त्या कोचिंगमध्ये काय काय होतं बघा: ध्येय ठरवणं, सराव, फीडबॅक, वरिष्ठांचा सहभाग, शेवटी निकालाचं मूल्यमापन आणि सगळ्यांसमोर प्रेझेंटेशन. आता साहेबांचं लक्ष आहे, दोन महिन्यांनी चारचौघांत उभं राहून सांगायचंय म्हटल्यावर माणूस काम करणारच ना! यातलं कोचिंग किती आणि धास्ती किती हे वेगळं काढता येत नाही. गंमत म्हणजे हाच आकडा दाखवून आज जे विकलं जातं ते असतं महिन्यातून दोनदा झूमवर बंद दाराआड तासभर बोलणं, जिथे वरिष्ठांना काही कळवायचं नाही हा पहिला नियम.

"सचिनलाही कोच होता"

होता की. पण आचरेकर सर शिवाजी पार्कला नेटपाशी उभे असायचे. स्टंपवर एक रुपयाचं नाणं ठेवायचे, जो बोलर सचिनला आउट करेल त्याचं नाणं, आउट झालाच नाही तर सचिनचं. सर खेळ स्वतःच्या डोळ्यांनी बघायचे. एक्झिक्युटिव्ह कोच बऱ्याचदा खेळ बघतच नाही, खेळाडूने येऊन सांगितलेली कॉमेंट्री ऐकतो. टीमवर ओरडणारा साहेब कोचला कधी सांगतो का की मी ओरडतो? तो सांगतो की टीम ऐकत नाही.

अतुल गावंडे (वडील यवतमाळ जिल्ह्यातले, म्हणून आपल्याकडे नाव जरा जास्त ओळखीचं) यांनी सर्जन म्हणून जम बसल्यावर स्वतःसाठी कोच घेतला, तेही उदाहरण या विषयात हमखास देतात. त्यांनी काय केलं, तर आपल्या एका जुन्या शिक्षकांना, रिटायर्ड सर्जनना, ऑपरेशन थिएटरमध्येच उभं केलं, आणि ते वहीत टिपून घेत होते की लाइट जखमेवरून सरकलाय, कोपर वर जातंय. झूम कॉलवर हे दिसलं असतं का?

गेट्स "सगळ्यांना कोच हवा" म्हणाले हे खरं, २०१३ च्या टेड टॉकमध्ये. पण ते भाषण शाळेतल्या शिक्षकांना नीट फीडबॅक मिळत नाही यावर होतं, सीईओंवर नव्हतंच.

श्मिट यांचे कोच म्हणजे बिल कँपबेल. आधी कोलंबिया युनिव्हर्सिटीचे फुटबॉल कोच, मग अॅपलमध्ये मोठ्या हुद्द्यावर, मग इंट्यूटचे सीईओ. गूगलच्या मीटिंगांमध्ये स्वतः बसायचे आणि स्पष्ट बोलायचे. आज सर्टिफिकेट कोर्समध्ये शिकवतात की कोचने सल्ला द्यायचा नाही, फक्त प्रश्न विचारायचे. मग जी पद्धत विकताय तिच्या जाहिरातीत कँपबेल कशाला?

"लीडर बदलला की नफा आपोआप बदलतो"

मला सगळ्यात खटकतं ते हे "आपोआप".

गावंडे यांच्याच टीमने उत्तर प्रदेशात एक मोठा प्रयोग केला होता, १२० सरकारी आरोग्य केंद्रं, दीड लाखाहून जास्त बाळंतपणं. निम्म्या केंद्रांत नर्सेसना चेकलिस्ट आणि सोबत प्रत्यक्ष येऊन बघणारे कोच दिले, निम्म्यांत नाही. दोन महिन्यांनी कोच असलेल्या केंद्रांत करायला हव्यात त्या गोष्टींपैकी जवळपास ७३ टक्के होत होत्या, दुसरीकडे ४२ टक्के. इतका फरक कोचिंगने पडला, कौतुकच आहे. पण आई-बाळाचे मृत्यू आणि गंभीर त्रास मोजले तर १५.१ टक्के आणि १५.३ टक्के, म्हणजे फरक नाहीच. आणि सुरुवातीपासून वर्षभरानी, म्हणजे कोचिंग थांबून चारेक महिने झाल्यावर बघितलं तर ते ७३ पण ६२ वर आले होते. माणसांचं वागणं बदललं आणि तरी निकाल होता तिथेच, कारण निकाल औषधं, सोयी, डॉक्टर अशा दहा गोष्टींवर टिकलेला असतो. कंपनीचं पण तेच, कच्च्या मालाचे भाव, ऑर्डर बुक, बँकेचा व्याजदर यांना साहेबांच्या सेल्फ-अवेअरनेसशी काही देणंघेणं नसतं.

मग नफ्याच्या दिशेने मोजता येईल असं काय चालतं? त्याचा प्रयोग आपल्या शेजारीच झालाय. तारापूर-उंबरगाव भागातले १७ फर्मांचे २८ कापड कारखाने, स्टॅनफर्ड आणि वर्ल्ड बँकेच्या लोकांनी चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडले, एका गटाला नुसती महिनाभर तपासणी, दुसऱ्याला पुढे चार महिने कन्सल्टंट कारखान्यात येऊन काम बसवून देणार: लूम (माग) का बंद पडला त्याची नोंद, सुताच्या स्टॉकचा हिशेब, डिफेक्ट रोज मोजणं. पहिल्या वर्षात या दुसऱ्या गटाची उत्पादकता १७ टक्क्यांनी वाढली. सतरा! ७८८ च्या पुढे किती गरीब दिसतो बिचारा, पण तो मोजलेला आहे. आठ-नऊ वर्षांनी परत जाऊन बघितलं तर बसवलेल्या पद्धतींपैकी साधारण निम्म्या सुटल्या होत्या, एक कारण मॅनेजर बदलले, दुसरं मालकांना वेळ नाही. आता हे दुसरं कारण वाचून मला वाटतं की खऱ्या कोचचं काम इथे आहे, मालकाच्या मागे लागून वेळ काढायला लावणं.

"फक्त सर्टिफाइड घ्या"

वर आलेल्या त्या कोचिंग फेडरेशनच्या सर्टिफिकेटची पहिली पायरी ६० तास शिक्षण आणि १०० तास अनुभवावर मिळते. वाईट नाही, पण कोच म्हणून बोर्ड लावायला कुठलंही लायसन्स लागत नाही, आणि सर्टिफिकेट आहे म्हणून त्याला तुमचा धंदा कळतो असंही नाही.

उपयोग काय तो सांगतो. २०१४ आणि २०१६ मध्ये बरेच अभ्यास एकत्र करून तपासणी झाली, कोचिंगचा चांगला परिणाम दिसतो, विशेषतः ठरवलेल्या कामाचा पाठपुरावा करण्यात. पण २०१६ च्या तपासणीत असंही दिसलं की कंपनीतल्याच माणसाने केलेल्या कोचिंगचा परिणाम बाहेरच्या कोचपेक्षा जास्त होता, आणि सेशन किती झाली याने फारसा फरक पडला नाही. बारा सेशनचं पॅकेज विकणारा हे स्लाइडवर टाकणार नाही.

त्यामुळे आता माझ्याकडे प्रपोजल आलं की मी आरओआयची स्लाइड काढूनच पाठवा म्हणतो, आणि तीनच गोष्टी विचारतो: कोच त्या साहेबांच्या एकातरी मीटिंगला येऊन बसणार का, टीमशी बोलणार का, आणि सहा महिन्यांनी टीममधून किती लोक सोडून गेले ते आधीच्या आकड्याशी लावून बघायचं का. पहिल्याच प्रश्नावर बरेच जण गोपनीयतेचं कारण देतात, जे हो म्हणतात त्यांच्याशी फीचं बोलणं सुरू होतं.