तीन दिवसांच्या गोळीचा मेसेज

पावसाळा लागला की व्हॉट्सॲपवर हा मेसेज हमखास फिरतो: ‘घसा धरला, ताप आला की अझिथ्रोमायसिन ५००, दिवसाला एक, तीन दिवस. कफ हिरवा असेल तर नक्कीच घ्या. बरं वाटलं की बंद करा, नाहीतर शरीराला सवय लागते. उष्णता होऊ नये म्हणून दुधाबरोबर घ्या.’ आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तो तिसऱ्यांदा आला, म्हणून हे लिहितोय.

तीन दिवसांत गुण येतो? येतो ना! सर्दी-फ्लूचा ताप बहुधा तीन-चार दिवसांत आपणहून उतरतोच. ही दुखणी विषाणूंची. अझिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक, ते जिवाणूच्या प्रथिनं बनवणाऱ्या यंत्रणेवर घाव घालतं, आणि विषाणूकडे ती यंत्रणा मुळात नसतेच. कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडते, श्रेय गोळीला. शिवाय पावसाळ्यातला ताप मलेरियाचा, डेंगीचा, लेप्टोचाही (लेप्टोस्पायरोसिसचा) असू शकतो. लेप्टो जिवाणूमुळेच होतो, तिथे अँटिबायोटिक लागतं. पण कोणतं, कधी, हे मेसेज कसं सांगणार? मलेरियात तर वाया गेलेले तीन दिवस जिवावर बेततात.

हिरवा कफ? तो रंग आपल्याच पांढऱ्या पेशींमधल्या एका हिरवट एन्झाइमचा. साध्या व्हायरल सर्दीतही येतो.

आता ‘सवय’. हा शब्द सगळ्यात खटकतो, कारण त्यात अर्धं सत्य आहे. सवय शरीराला लागत नाही. औषधाला दाद न देणारे जिवाणू तेवढे मागे उरतात, वाढतात आणि घरातल्या इतरांकडेही जातात. टायफॉइडचं पाहा. सिप्रोफ्लॉक्सासिन हे एके काळी त्यावरचं हुकमी औषध. भारतात आता त्याचा भरवसा राहिलेला नाही. पाकिस्तानातल्या सिंधमध्ये २०१६ पासून पसरलेल्या टायफॉइडवर तर तोंडाने घेण्याजोगं जवळपास एकच औषध उरलं: अझिथ्रोमायसिन. तेच आपण शिंकांवर उधळतोय.

‘बरं वाटलं की बंद करा’ला मी पूर्ण चूक म्हणणार नाही. काही संसर्गांत पूर्वीपेक्षा कमी दिवसांचा कोर्स पुरतो, हे डॉक्टरही आता मान्य करतात. पण तो हिशोब त्यांनी करायचा. टीबीचं औषध मनाने सोडणं म्हणजे रेझिस्टन्स, म्हणजे औषधाला दाद न देणारे जिवाणू, हाताने ओढवून घेणं. आणि उरलेल्या दोन गोळ्या फ्रिजवरच्या डब्यात जातात, पुढच्या महिन्यात शेजारच्या काकूंना मिळतात.

दुधाचा सल्ला तर काही अँटिबायोटिकच्या बाबतीत उलटाच. डॉक्सिसायक्लिन किंवा सिप्रोफ्लॉक्सासिन दुधाबरोबर घेतलं की कॅल्शियम त्याला धरून बसतं आणि औषध रक्तात कमी उतरतं. ज्या जुलाबांना आपण ‘उष्णता झाली’ म्हणतो, त्यामागे बऱ्याचदा आतड्यातले कामाचे जिवाणू मारले गेलेले असतात.

मेसेजखाली एकाने लिहिलं, ‘मेडिकलवाला चिठ्ठी न मागता देतो, म्हणजे चालत असणार.’ त्याच स्ट्रिपवर एक उभी लाल रेघ असते. चिठ्ठीशिवाय घेऊ नका, एवढंच सांगायला ती छापलेली आहे.