रुमालाआधी ठिणगी

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा 45 अंशांच्या आसपास गेला, की जुनी प्रीमियर पद्मिनी निंबाचं झाड बघून बंद पडते. बॉनेट उघडायचा अवकाश, केळीच्या ट्रकमधून, फटफटीवरून, कुठून कुठून माणसं उतरतात. “काय झायं भो?” मग निदान सुरू. एक म्हणतो कॉईल, दुसरा म्हणतो कंडेन्सर, तिसरा काही न बोलता डोक्याचा रुमाल भिजवून इंजिनवरच्या पेट्रोल पंपावर टाकतो. अर्ध्या तासानं गाडी चालू होते, आणि शेवटी ज्याचा हात बॉनेटमध्ये होता तो मिस्त्री ठरतो.

माझं भांडण या अर्ध्या तासाशी आहे. उन्हानं इंजिनवरच्या पंपात पेट्रोलची वाफ झाली तर पंप नुसती वाफच दाबत बसतो. गार झाला की पेट्रोल चढतं. कॉईल म्हणजे 12 व्होल्टचे हजारो व्होल्ट करून ठिणगी देणारा भाग. तिच्या आतली तार कुठे तुटायला आलेली असेल तर तापल्यावर तिचे तुकडे एकमेकांना सोडतात. गार झाली की पुन्हा टेकतात. दोन्ही दुखणी तापल्यावर येतात आणि सावलीत बरी होतात. त्या अर्ध्या तासात निंबाखाली खाल्लेली कळण्याची भाकरही औषध म्हणून खपेल.

म्हणून गाडी तापलेली असतानाच, रुमालाआधी, ठिणगी बघायची. गिअर न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला. कॉईलकडून येणारी मधली जाड वायर डेल्कोच्या कॅपमधून काढायची (डिस्ट्रिब्युटरला, म्हणजे प्लगांना ठिणगी वाटून देणाऱ्या भागाला, आपल्याकडे डेल्को म्हणतात, भाग कुणी का बनवलेला असेना). रबरी मुठीच्या पकडीनं तिचं टोक इंजिनच्या ब्लॉकपासून 5-6 मिलिमीटरवर धरायचं आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगायचं. हातानं धरायची नाही. हजारो व्होल्टचा झटका बसतो. पेट्रोलची नळी कुठे गळत नाही ना, हेही आधी बघायचं. टक्-टक् वाजणारी निळी ठिणगी आली तर कॉईलला दोष देणाऱ्यानं गप्प बसावं. कॅपच्या आत कोळशाची काळी रेघ किंवा तडा नाही, आतला फिरता रोटर आणि मधला कार्बन ठीक आहे, एवढं बघून मग खुशाल रुमाल.

ठिणगीच नाही? तर दोन वायरी आणि 12 व्होल्टचा एक बल्ब. एवढं सामान असताना लोक हजाराचे पार्ट का बदलतात, हे मला कळलेलं नाही. बल्बची एक वायर बॉडीला, दुसरी कॉईलच्या प्लसला. चावी लावल्यावर पेटला नाही तर खोट चावीच्या बाजूला. पेटला तर वायर आता कॉईलच्या मायनसला लावून सेल्फ मारायचा. बल्ब लुकलुकला पाहिजे: डेल्कोतले पॉइंट (कॉईलचा करंट जोडणारे-तोडणारे) उघडले की पेटणार, मिटले की विझणार. सतत पेटलेला राहिला तर पॉइंट मिटतच नाहीत, किंवा मिटूनही कचऱ्यामुळे टेकत नाहीत. सतत विझलेला असेल तर डेल्कोकडे जाणारी बारीक वायर कॉईलवरून सोडायची. आता पेटला? म्हणजे पॉइंट उघडत नाहीत, किंवा कंडेन्सर (पॉइंटवर उडणारी ठिणगी शोषणारा) शॉर्ट, किंवा ती वायर आत कुठे तरी बॉडीला घासते आहे. तरीही अंधार? मग कॉईलच गेली. पहिल्या गृहस्थांना चहा पाजावा.

बल्ब लुकलुकतो, पण ठिणगी पिवळी आणि मरतुकडी, आणि पॉइंटवर एकीकडे खड्डा, दुसरीकडे उंचवटा. हे बहुधा कंडेन्सरचं काम. नुसते पॉइंट घासून भागत नाही, चार दिवसांत पुन्हा तेच. नवे पॉइंट बसवताना गॅप साधारण 0.4 ते 0.5 मिलिमीटर, तीही फिलर गेजनं (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी). सिगारेटच्या पाकिटाचा पुठ्ठा हे मोजमाप नव्हे.

या सगळ्या चर्चेत चावी मात्र चालूच राहिलेली असते. पॉइंट मिटलेले असतील तर कॉईल तशीच तापत बसते, आणि नसलेला बिघाड हजर होतो.

सेल्फ नुसता ‘टक्’ करून बसत असेल तर प्रकरण वेगळं. बॅटरी भरलेली असेल तर 12.6 व्होल्ट दाखवते. सेल्फ मारताना 9.6 च्या खाली गेली तर संशय तिच्यावरच. नाही गेली, तर मीटरची एक पिन बॅटरीच्या मायनस खुंटीवर आणि दुसरी ब्लॉकवर ठेवून सेल्फ मारायचा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर बॅटरीकडून बॉडी-इंजिनला जाणारी अर्थिंगची पट्टी गंजली किंवा सैल झाली आहे. ती सोडून, पॉलिश पेपरनं घासून, आवळून बसवायची. असलं साधं निदान गर्दीतल्या कुणालाच आवडत नाही, कारण त्यात पार्ट बदलायला मिळत नाही.

गाडी चालू करण्याआधी पंपावरचा रुमाल तेवढा काढून घ्यावा. तो घसरून फॅनच्या पट्ट्यात गेला, तर मघापासून गप्प असलेला तिसरा माणूस पहिल्यांदा बोलतो: “मन्हा रुमाल!”