आत टाका, पण वीज तोडू नका

नदीत रंगीत पाणी सोडणाऱ्या कारखानदारांनो, "यांना तुरुंगात टाका" अशा घोषणा ऐकून झोप उडवून घेऊ नका. उलट मोर्च्यात शिरा आणि सगळ्यांत मोठ्या आवाजात तीच मागणी करा. फौजदारी खटल्याइतकी सुरक्षित जागा तुम्हाला दुसरी मिळायची नाही.

१९७४ च्या जलप्रदूषण कायद्याचं कलम २१ तेवढं पाठ करा. सांडपाण्याचा नमुना घेताना तिथल्या तिथे नोटीस द्यायची, तुमच्यादेखत त्याचे दोन भाग करायचे, डब्यांना सील ठोकायचं, सह्या करायच्या आणि विनाविलंब प्रयोगशाळेत पाठवायचं. यातलं काही राहिलं, तर तपासणीचा अहवाल पुराव्यात धरता येत नाही. तेव्हा अधिकारी आला की खुर्ची द्या, पंखा लावा, गप्पांत गुंतवा. एक सही राहिली, की नाल्याचं पाणी कितीही जांभळं असो, कोर्टाला ते दिसत नाही.

नमुना पक्का निघालाच, तर "मला कल्पना नव्हती, मी सगळी खबरदारी घेतली होती" हा बचाव कायद्यानेच देऊ केलाय. त्यासाठी एक पर्यावरण व्यवस्थापक पदरी ठेवा. सह्यांचे अधिकार भरपूर द्या. ईटीपी (सांडपाणी शुद्ध करायचं यंत्र) रात्री कोण बंद करतं, हे विचारण्याचा मात्र देऊ नका.

तरीही धीर सुटला तर भोपाळ आठवा. वायू १९८४ मध्ये गळला. १९९६ मध्ये आरोप सदोष मनुष्यवधावरून निष्काळजीपणावर घसरला. निकाल ७ जून २०१० चा: दोन वर्षांची कैद आणि त्याच दिवशी जामीन. मूळ अमेरिकन कंपनीचे प्रमुख खटल्याला हजर न होताच २०१४ मध्ये वारले. कारखान्याच्या आवारात पडलेला सुमारे ३३७ टन विषारी कचरा हलवायला २०२५ उजाडलं. (तो कोणी उचलायचा, हा प्रश्न अशा खटल्यात येतच नाही. म्हणून तर फौजदारी तुम्हाला मानवते.)

२०२३ च्या जनविश्वास कायद्याने पर्यावरण संरक्षण कायद्यातल्या बहुतेक गुन्ह्यांची कैद काढून दंड ठेवला. कमाल १५ लाख. हिरमुसू नका, ईटीपीचं वर्षाचं वीजबिल काढा आणि ताडून बघा.

जपून राहायचं आहे ते जलप्रदूषण कायद्याच्याच कलम ३३अ पासून. त्याखाली प्रदूषण नियंत्रण मंडळ कारखाना थेट बंद करू शकतं, वीज-पाणी तोडायला लावू शकतं. तिथे ना साक्षीदार, ना संशयाचा फायदा. हरित लवादाकडे प्रकरण गेलं तर नदी पूर्ववत करण्याचा खर्चही बोकांडी बसतो. अशी कुजबुज कानावर आली की लगेच गरजा: "नुसती वीज तोडून काय होणार? जन्मठेप द्या!" टाळ्या तुम्हालाच पडतील. मंडळ खटला भरेल. पुढची तारीख पावसाळ्यानंतरची मागून घ्या. तोवर नाला धुऊन निघतो.